बोगद्यातल्या माणसाचं ताट

हे तुम्हाला पटणार नाही. पटूही नये, पटलं तर पुढच्या वेळी सांगताना माझी मजा जाईल. या जिन्यात बसून आजवर मी जेवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या अर्ध्या थापा होत्या आणि उरलेल्या अर्ध्यांत मीठ जरा जास्त पडलं होतं, हे मी कुणापासून लपवत नाही. पण आजची गोष्ट तशी नाही. मी एकदा भांडी घासता घासता इतकी शांत झाले, इतकी शांत झाले, की साखरेच्या डब्यावरून मुंगी चालली होती तिच्या पावलांचा आवाज मला ऐकू आला.

"चपला घालून चालली होती का मुंगी?" समोरच्या दारातली शिवणवाली म्हणाली. बाईच्या ओठांत कायम टाचण्या असतात, पण जीभ मोकळी असते.

"अनवाणी होती. चपला घातल्या असत्या तर तुलासुद्धा ऐकू आलं असतं."

वरच्या पायरीवर मास्तर बसले होते. शाळा सुटून वर्षं झाली तरी यांचा तास चालूच. "आजी, मुंगीला पाय सहा. कुठल्या पायाचा आवाज?"

"मागच्या डाव्या. तो ती जरा ओढत होती."

आमची सून खाली कठड्यावर ओल्या चादरी टाकत होती. तिने मान वर केली नाही. ही गोष्ट तिने माझ्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकली आहे, तिला आता मुंगीची चालसुद्धा पाठ झाली असेल.

तर ऐका.

आमचं घर बोगदा खणणाऱ्यांचं. माझे सासरे खणायचे, आमचे हे खणायचे, मग लेक खणायला लागला. डोंगर दिसला की आमच्या घरातल्या पुरुषांना त्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचं नसतं, आत काय आहे ते बघायचं असतं. आणि आमच्या घरात एक नियम. कुणी घातला ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती झाली नाही. आत जाणाऱ्या माणसाने सकाळी ज्या ताटात खाल्लं, ते ताट तो परत येईपर्यंत धुवायचं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर झाकून ठेवायचं. माणूस घरी आला की बूट काढायच्या आधी त्याने स्वतःच्या हाताने ते ताट धुवायचं. सासूबाई म्हणायच्या, ताट खरकटं आहे तोवर माणसाचं जेवण पुरं झालेलं नाही, आणि जेवण अर्ध्यावर टाकून कुणी कायमचं उठत नाही.

आमचे हे अंथरुणात गेले, खोकून खोकून. ते मात्र ताट धुऊन गेले.

लेकाचं ताट इनॅमलचं होतं, पांढरं, निळ्या काठाचं, एका जागी पोपडा उडालेला. लहानपणी त्याने ते डोक्यावर टोपीसारखं घालून जिन्यावरून उडी मारली होती, त्याचा तो पोपडा. खालच्या मजल्यावर त्याचा दोस्त राहायचा, त्याच पाळीला जाणारा. त्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबू इतका उंच होता की बोगद्यात त्याच्यासाठी छत वेगळं खणावं लागायचं.

"थाप नंबर एक," मास्तर म्हणाले.

"मोजू नका मास्तर, पुढे बोटं कमी पडतील."

त्या सकाळी दोघे एकदमच जिना उतरले. लंबूच्या बायकोने खालून हाक मारून काहीतरी चेष्टा केली, दोघे हसले. दुपारच्या आधी भोंगा झाला. पाळी सुटल्याचा भोंगा तुटक असतो, हा थांबेचना. भाजी चिरत होते, सुरी हातातच राहिली. सून बाहेरच्या खोलीत होती. मी बाहेर आले तर ती दारात, एका पायात चप्पल. दुसरी शोधायला ती थांबली नाही.

फाटकाशी गर्दी. साहेब लोक टोप्या घालून इकडून तिकडे पळत होते आणि कुणाच्याच तोंडून धड वाक्य निघत नव्हतं. छत बसलं होतं. आत माणसं होती. कुठली कुठे आहेत ते ठाऊक नव्हतं. मग एकाने खुर्चीवर चढून सांगितलं की घरच्यांनी घरी जाऊन थांबावं, काही कळलं की फोन येईल.

घरी जाऊन थांबावं! बसची वाट बघावी तसं.

थांबलो. किती दिवस ते विचारू नका. दिवस सरळ उगवत नव्हते, मावळत नव्हते, फोनच्या तुकड्यातुकड्यांनी जात होते. फोन वाजला की मी धावायचे, आणि फोनवर कुणीतरी आत्या नाहीतर मावसभाऊ, "काही कळलं का?" अरे, कळलं असतं तर तुझ्याशी बोलत बसले असते का! मी अशी ओरडले की नंतर नातेवाइकांचे फोनही यायचे बंद झाले. मग ती शांतता त्याहून वाईट.

आणि आम्ही दोघी. एका घरात दोन बायका, मधल्या भिंतीला कान लावून. मी तिच्याकडे बघितलं की मला त्याची बायको दिसायची, तिने माझ्याकडे बघितलं की तिला त्याची आई दिसायची, आणि मधला माणूस तेवढा दिसायचा नाही. म्हणून आम्ही एकमेकींकडे बघणंच सोडलं. ती स्वयंपाकघरात आली की मी बाहेर, मी बाहेर आले की ती आत. भांडण नव्हतं. भांडायला तरी तोंड उघडावं लागतं.

कंपनीने एक बाई पाठवली. मऊ आवाजाची, मऊ चपलांची. घराघरांत जाऊन मन कसं शांत ठेवायचं ते सांगत होती. मी तिचं नाव ठेवलं शांतीवाली. ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, मन पुढे धावू देऊ नका. हातात जे काम आहे त्यातच राहा. भांडी घासताना फक्त भांडी घासा."

मी म्हटलं, "मग आजवर भांडी घासताना मी काय दाढी करत होते?"

तिला राग आला नाही. शांतीवालीच ती. म्हणाली, "पाण्याचा स्पर्श बघा. फेस बघा. भांडं हातात कसं फिरतं ते बघा. मन पळालं की त्याला हळूच परत आणा, लहान मूल रस्त्यावर गेलं की आणतो तसं."

माझं लहान मूल डोंगराखाली होतं. त्याला हळूच परत आणा म्हणे. मी तिला दार दाखवलं. पण सुनेने आतून ते सगळं ऐकलं असावं.

मी कामं काढली, पण माझ्या पद्धतीने. शांत व्हायला नाही, मरू नये म्हणून. फरशी अशी पुसली की लाद्या झिजून घर एक बोट खाली गेलं आणि दारात पायरी करावी लागली. त्याच्या शर्टांना इस्त्री केली. शर्ट संपले, मग फडक्यांना केली, फडकी संपली, मग कालच्या वर्तमानपत्राला. एक चादर इस्त्री करून करून इतकी पातळ झाली की काड्यापेटीत मावली. पितळी तपेलं घासलं तर त्याच्या लखलखाटाने समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी सकाळ झाली समजून उठून बसली.

"ती म्हातारी म्हणजे माझी सासू," शिवणवाली म्हणाली. "ती तशीही उठूनच बसलेली असते."

"मग काय! तेव्हापासूनच."

हसा. मीसुद्धा आता हसते. तेव्हा हात भांड्यात होते आणि जीव बोगद्यात. घासणी फिरवली की वाटायचं, याच्यावर माती किती आहे? नळ उघडला की वाटायचं, याला पाणी मिळत असेल का? मग नळ उघडा ठेवणं पाप वाटायचं. मी नळ बंद करून कोरडीच भांडी घासत उभी राहायची, आणि त्या आवाजाने दातांना शिरशिरी आली की बरं वाटायचं. निदान काहीतरी दुखत होतं, ज्याला जागा होती.

खाली लंबूची बायको काहीच करत नव्हती. ती ताटापाशी बसून होती. आमच्यासारखाच त्यांचाही नियम, आमच्या सासूबाईंनीच त्यांना लावलेला. ती ताटावर माशी बसू देत नव्हती. मी एकदा चहा घेऊन गेले तर म्हणाली, "काकू, हळू बोला." जणू ताट झोपलंय.

आणि मग ती दुपार.

तोवर आशा दाखवणारे लोकही यायचे थांबले होते. सकाळी एक साहेब येऊन गेला होता आणि "प्रयत्न चालू आहेत" हे त्याने बुटांकडे बघत सांगितलं होतं. तो गेल्यावर घरात अशी काही पोकळी झाली की श्वास घ्यायचाही धीर होईना. ओरडून झालं होतं, रडून झालं होतं. सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी पडली होती. मी सिंकपुढे उभी राहिले आणि म्हटलं, चल, त्या शांतीवालीचं एकदा खरं करून बघू. नाहीतरी आता दुसरं काय उरलंय?

पहिल्यांदा पेला घेतला. फक्त पेला. पाणी कोमट होतं. फेस बोटांच्या बेचक्यांतून वर आला. मन पळालं डोंगराकडे, त्याला परत आणलं. परत पळालं, परत आणलं. मग वाटी. वाटीच्या बुडाशी एक गोल रेघ असते, घडवणाऱ्याच्या हत्याराची, ती इतक्या वर्षांत मी पाहिलीच नव्हती. मग चमचे, एकेक. आणि कधी झालं कळलं नाही, पण मन पळायचं थांबलं. थकून बसलं असेल. घर शांत झालं. पाण्याचा आवाज शांत झाला. भिंतीवरचं घड्याळ आपण एकटेच बडबडतोय असं वाटून शरमलं आणि थांबलं. तेव्हाच ती मुंगी ऐकू आली.

हात चालूच होते. हाताला लागेल ते घेत होते, सिंकमधलं, ओट्यावरचं, कट्ट्यावरचं. शेवटचं भांडं विसळून मी पालथं घातलं, हात पुसले, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वास घेतला. वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे.

आणि पालथ्या भांड्यांकडे नजर गेली.

पांढरं. निळा काठ. पोपडा.

मला सांगता येणार नाही काय झालं ते. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ती खोटी गोष्ट आहे, जमीन जागच्या जागी असते आणि माणूसच नसतो. मी ते ताट उचललं. ते इतकं स्वच्छ होतं! थेंब ओघळत होते त्यावरून. मी मागे वळून कट्टा बघितला, तिथे नुसतं झाकण. सिंकच्या जाळीत बोटं घातली, काही अडकलंय का बघायला, एखादा कण तरी. साबणाचा फेस आणि केस. मी जाळी उचकटली. खालच्या पाइपात हात जाईल तेवढा घातला, नख उलटलं. काही नाही. सगळं वाहून गेलं होतं, माझ्या शांत शांत हातांनी. मी ते ताट छातीशी धरून खाली बसले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला, कारण भिंतीपलीकडे दुसरी होती आणि तिला ऐकू जायला नको होतं. एकच गोष्ट डोक्यात घणासारखी आदळत होती. तो तिथे जिवंत होता, आत्ता या क्षणापर्यंत होता, आणि मी त्याला उठवून लावलं. जेवून झालं तुझं, जा आता.

शिवणवालीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"मग?"

मग ती दारात उभी दिसली. दुसरी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने ताट पाहिलं, उघडी जाळी पाहिली, माझं रक्ताळलेलं बोट पाहिलं. मला वाटलं आता ही किंचाळेल. किंचाळायला हवं होतं. मी असते तर केसाला धरलं असतं.

तिने पुढे येऊन फडताळ उघडलं, आत बघितलं. मग मला विचारलं, "अंडी किती उरलीत?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"त्याने त्या दिवशी अंडं खाल्लं होतं," ती म्हणाली. "अंडं, पाव आणि उकडलेला बटाटा. ऊठ, ताट कोरडं कर."

"ऊठ?" मास्तर म्हणाले. "सून सासूला 'ऊठ' म्हणाली?"

"अहो मास्तर, त्या वेळी कोण बसतंय 'उठा' म्हणायला! पुढे ऐका की."

तर आम्ही ताट खरकटं करायला बसलो. हसू नका. भांडं घासणं कुणालाही येतं, भांडं न घासलेलं करून दाखवा! पहिलं अंडं तळलं, ताटात घातलं, पावाने पुसलं. बघितलं तर कुणाचंही ताट. खानावळीतलं. त्याचं नव्हतं. धुतलं, परत पुसलं. मी म्हटलं, "तो आधी पांढरं खातो, कडेकडेने, आणि बलक शेवटी." ती म्हणाली, "हो, आणि मिरपुडीचे मोठे दाणे बाजूला सारतो." "डाव्या बाजूला." "नाही, समोर. काठापाशी रांग लावतो." "आणि मीठ?" "चिमूटभर जास्त घेतो आणि ठेवून देतो." "बटाट्याचं साल?" "खातो." "खात नाही!" "माझ्यासमोर खातो." "माझ्यासमोर नाही खात!"

इतक्या दिवसांत आम्ही बोललेली ही पहिली वाक्यं. बटाट्याच्या सालावरून.

शेवटी मी पावाचा तुकडा घेतला आणि तो जसा बलक पुसतो तसा गोल फिरवला. तिने माझं मनगट धरलं.

"उलटा फिरव. तो डाव्या हाताने पुसतो."

"कोण डाव्या हाताने? शाळेत जायच्या आधीच मोडली त्याची ती सवय."

"मोडली नाही. घरातल्या मोठ्यांपुढे उजवा. पाठ फिरली की डावा."

घ्या! इतकी वर्षं पोटच्या पोराने डाव्या हाताने जेवून मला बनवलं. मला हसू आलं. खरंच सांगते, त्या दुपारी, त्या ताटापुढे, मला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि मग आम्ही दोघी हसतोय की काय करतोय ते आमचं आम्हाला कळेना. मी डाव्या हाताने बलक पुसला. थरथरत, तिरका, तीन ठिकाणी सुटलेला. दोघींनी वाकून बघितलं. ते त्याचं ताट होतं.

मग ते वाळवायला उन्हात ठेवलं आणि आम्ही दोन्ही बाजूंना बसलो. बलक कसा वाळतो, कधी बघितलंय? आधी चमकतो. मग कडा मंद होतात. मग मधोमध एक चीर पडते, केसाएवढी. आम्ही ते बघत होतो आणि कुणाचंच मन कुठे पळत नव्हतं. शांतीवालीला हे कळलं असतं तर तिने आम्हाला नोकरी दिली असती. तिचा हात माझ्या हातात होता, कधी आला कळलं नाही, आणि तो गरम होता. मला वाटलं, तो येवो न येवो, आता आम्ही दोघी आहोत. हे वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.

चीर पडली आणि फोन वाजला.

"थाप नंबर..." मास्तरांनी सुरुवात केली.

"बरं, चिरेनंतर थोड्या वेळाने वाजला. तुमचं समाधान झालं? आत कुणीतरी नळीवर ठोकतंय, ऐकू आलंय, एवढंच सांगितलं. पुढे भोक पाडून माणसं काढायला आणखी वेळ गेला. तो वेळ मी सांगत नाही, तो परत काढायची माझ्यात ताकद नाही."

लेक बाहेर आला. पाय मोडलेला, डोळे आत गेलेले, पण लेक. लंबू आला नाही. खालच्या बाईचं ताट तसंच होतं. तिने त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, माशी बसू दिली नव्हती, आणि तिचा माणूस आला नाही. आणि आमचं धुतलेलं, खोटं, डाव्या हाताने सारवलेलं ताट, आणि आमचा आला. आता याचा अर्थ लावा. मी लावत नाही. मी तिच्या दारावरून जाताना अजून पाय न वाजवता जाते.

इस्पितळातून घरी आला तो लेक कुबड्या टेकत सरळ कट्ट्यापाशी गेला. नियम म्हणजे नियम. झाकण उचललं. बघत राहिला. मग म्हणाला, "हे कुणी धुतलं होतं?"

आम्हाला वाटलं होतं, आम्ही इतकं अचूक केलंय!

"मी त्या दिवशी अंडं खाल्लंच नव्हतं," तो म्हणाला. "उशीर झाला होता. पावात घालून डब्यात टाकलं आणि पळालो. आत ते लंबूने आणि मी खाल्लं. त्याला जास्त दिलं." मग परत, "कुणी धुतलं?"

बघा, तो कसा जेवतो ते दोघींना माहीत, मिरीचा दाणा न् दाणा माहीत, पण त्या सकाळी तो काय जेवला ते एकीनेही पाहिलं नव्हतं. आणि धुताना म्हणे पूर्ण लक्ष! फेसाकडे लक्ष, ताटाकडे नाही.

मी म्हटलं, "मी धुतलं. वय झालं माझं. एकदा घासायला लागले की समोर काय आहे ते कळत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. भिंतीला कुबडी लावली, नळ सोडला आणि ते ताट धुतलं. डाव्या हाताने, माझ्यासमोर.

तर ही अशी गोष्ट. सांगितलं होतं ना, पटणार नाही म्हणून?

शिवणवालीने सुस्कारा टाकला. "बाकी सगळं पटलं, आजी. मुंगीसुद्धा पटली. पण तुमच्यासारख्या जाणत्या बाईच्या हातून एवढी मोठी चूक? आणि तुमची ही सून एक शब्द बोलली नाही? आमच्याकडे असतं तर सुनेने सासूला जन्मभर सोडलं नसतं. 'माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठली होतीस' म्हणून रोज दोन वेळा ऐकवलं असतं. आणि चूक नव्हतं बाई त्यात. ताट धुणारीला कुणी माफ करावं तरी कसं?"

"अगं, माझ्या सुनेचं काळीज मोठं आहे," मी म्हटलं. "मी ते ताट धुतलं, आणि तिने..."

"आई, पुरे." सून कठड्यापाशी उभी होती, हातातल्या चादरीचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. "खोटं आहे हे. ते ताट मी धुतलं होतं. दारात तुम्ही उभ्या होतात, आणि अंडी किती उरलीत ते तुम्ही मला विचारलं होतं."